धोक्याचा तक्ता

भाचा अमरावतीच्या एका कॉलेजात सिनेमा शिकतो. त्याच्या लघुपटाचा नायक चिखलदऱ्याच्या धुक्यातून चालत जातो. का जातो, हे दिग्दर्शकालाही सांगता येईना. कॉलेजची अट एवढीच, की आधी प्रत्येक जागेचे धोके तपासायचे आणि तक्त्यावर वडीलधाऱ्या माणसाची सही आणायची. मी विम्यात हयात घालवलेली. पोरांना माझी फक्त सही हवी होती. मी अख्खी पाहणीच ताब्यात घेतली.

रीत सोपी आहे. धोक्याच्या शक्यतेला एक ते पाच गुण, परिणामाला एक ते पाच, मग गुणाकार. पोरं हसायला लागली, तेव्हा मी त्यांना २०१४ सालची अमेरिकेतली गोष्ट सांगितली. 'मिडनाइट रायडर'चं शूटिंग परवानगीशिवाय रेल्वेच्या पुलावर चाललं होतं, गाडी आली आणि सारा जोन्स ही कॅमेरा विभागातली मुलगी गेली. दिग्दर्शकाला तुरुंग झाला. त्यानंतर कोणी हसलं नाही.

पहिला मुक्काम भीमकुंड. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं ते इथंच, असं सांगतात. दरीत पडण्याचा इतका जुना दाखला असल्यावर मी पंचवीसपैकी पंचवीस दिले. देवी पॉइंटला कठड्यापासून दहा पावलं आत राहायचं ठरलं. ड्रोनचा बेत मी तिथल्या तिथं खोडला. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, आणि तेही १९७३च्या पहिल्या नवांतलं.

मग गाविलगड. १८०३च्या डिसेंबरात इंग्रज सेनानी वेलस्लीच्या फौजेनं तोफांनी तटाला खिंडार पाडून हा किल्ला घेतला. पाहणी त्यानंही केलीच असणार, पण तक्ता कॉलेजला पाठवायचा नव्हता. मी दिल्ली दरवाज्यापाशी बसून मोठ्यानं लिहीत होतो: वाघ, एक गुणिले पाच. अस्वल, दोन गुणिले पाच. आग्यामोहोळ, तीन गुणिले पाच. सेंट लावून यायचं नाही. सोबतचा वाटाड्या बराच वेळ ऐकत होता.

"वाघ मानसाले पाहून बाजूले होते, साहेब," तो म्हणाला. "शेवाळ होत नाई."

पावसाळा नुकताच सरला होता, दगड अजून हिरवेच. मी मान डोलावली आणि 'शेवाळ' लिहून घेतलं.

नायक पुढं येतो तसा कॅमेरावाला डोळा कॅमेऱ्याला लावून उलटा चालत जातो. अशा वेळी त्याच्या मागे कमरेचा पट्टा धरणारा माणूस लागतो. तालीम करून दाखवायला मीच पट्टा धरला. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात तक्ता. गुणाकार चुकलेला दिसला, म्हणून चालता चालता तो तपासू लागलो. त्याच्या मागे मी होतो. माझ्या मागे कोणीच नव्हतं.

रायमुनियाच्या जाळीनं मला झेललं. पट्टा मी सोडला नव्हता, त्यामुळे कॅमेरावाला माझ्यावर आला. कॅमेरा मात्र त्यानं वरच्या वर धरला होता.

"मामा, कायले उठता? पडून राहा तसेच," भाचा ओरडला. तो शॉट लघुपटात आहे.

तक्ता गेला तेव्हा शेवटी भाच्याच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: 'मामा, पाच गुणिले पाच.' कॉलेजनं शूटिंग मंजूर केलं, मला सोडून.

तुम्ही कोणी तिकडं शूटिंगला जाणार असाल, तर परतवाड्यापर्यंतचा तीसेक किलोमीटरचा घाट लक्षात ठेवून, कोणी पडलं तर खाली न्यायला एक गाडी मोकळी ठेवा. कॅमेरावाल्याच्या मागे माणूस जरूर उभा करा. त्याच्या हातात कागद देऊ नका.