जिज्ञासूची दमछाक

अलिबाग म्हटलं की मला सुरमई आणि शहाळं एवढंच दिसतं. त्या भरात सागरगडाच्या ट्रेकचे पैसे भरले. गड साडेतेराशे फुटांच्या आसपास आहे आणि चढ खंडाळे गावातून, म्हणजे जवळपास समुद्राच्या पातळीपासूनच सुरू होतो, हे मला खंडाळ्यात उतरल्यावर कळलं.

त्यात ऑक्टोबर. घाटावर वारा तरी असतो. इथे खाडीची दमट हवा रानात कोंडलेली. सिद्धेश्वराच्या देवळापर्यंतच शर्ट पिळायला आला.

लीडर पुढे गेला. सगळ्यांच्या मागे एक पोरगा नेमलेला, आणि शेवटच्या माणसाच्याही मागे राहायचं हेच त्याचं काम. देवळानंतर तो फक्त माझ्या वाट्याला उरला. "काका, बसायचंय का?" तो वळणावळणाला विचारी. बसायचं होतंच, पण असं विचारल्यावर बसणार कसं? मग माझी जिज्ञासा जागी झाली.

"हे झाड कुठलं रे?"

तो थांबला. मीही थांबलो.

"ऐन." मगरीच्या पाठीसारखी साल, खोडात साठवलेलं पाणी, पानांवर पोसले जाणारे टसर रेशमाचे किडे. मी सालीवर हात ठेवून मान डोलावत होतो. खरं तर झाडाला धरून उभा होतो.

सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीवर दोन मिनिटं निघाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ निघाला, त्यावर चांगली चार. पण खरी बरकत इतिहासात. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत सागरगडही होता, असं तो म्हणाला. मी लगेच विचारलं, "बाकीचे बावीस कुठले?" गुणी पोरगं, आठवून आठवून सांगायला लागलं. रोहिड्यापर्यंत माझा श्वास ताळ्यावर आला होता, तरी लोहगड, तिकोना, माहुली, कर्नाळा सगळे ऐकून घेतले.

तेवढ्यात डोक्यावर गोणी घेतलेली माचीवरची एक आजी रबरी चपलांत शेजारून वर गेली. जाताना पोराला विचारलं, "पावना आजारी हाय का?"

वानरटोकावर पोचलो तेव्हा समोर सुळका आणि लांबवर समुद्र दिसत होता. मी आडवं व्हायला जागा शोधत होतो, तर पोरगा लीडरला सांगतोय, "हे काका अभ्यासक आहेत. अख्खी वाट विचारत आले. दोन शब्द बोलू देत!" सगळे गोल करून बसले. उभा मी एकटा. त्याच्याकडूनच ऐकलेला तह त्याच्याचसमोर सांगितला. अकराव्या किल्ल्याला अडकलो, तेव्हा त्यानेच हळूच नाव पुरवलं.

एका मुलीने हात वर केला. "सर, खांदेरी महाराजांनी बांधली आणि शेजारची उंदेरी सिद्दीने. इतक्या जवळ दोघं राहिले कसे?"

"उत्तम प्रश्न," मी म्हणालो, "उतरताना सांगतो."

ती खंडाळ्यापर्यंत माझ्याबरोबर उतरली. प्रश्न सगळे चालता चालताच विचारले, थांबली एकदाही नाही.