नसल्यास, विलंबाची कारणे काय?

लोकसभेचं कामकाज अकराला सुरू होतं, म्हणून अधिवेशनाच्या दिवसांत आमच्याकडे पोळ्या पावणेअकराच्या आत व्हाव्या लागतात. माझे सासरे, अण्णा, मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी आमदारांच्या प्रश्नांना उत्तरं लिहिण्यात गेली, हिवाळे नागपुरात फायली उपसण्यात. आता वाकोल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ते संसद टीव्ही लावून बसतात आणि दुसऱ्यांनी लिहिलेली उत्तरं तपासतात.

बाकीचे लोक संसद बघतात ती गोंधळासाठी. हौद्यात उतरलेले खासदार, फडकणारे फलक, अध्यक्षांचं ‘बैठ जाइए’. अण्णांना त्यात काडीचा रस नाही. पाच मिनिटांत सभागृह तहकूब झालं की आंब्याची पेटी नासल्यासारखा चेहरा करून ते म्हणतात, “वीस तारांकित होते हो आज!”

तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला उभं राहून द्यावं लागतं आणि वर पूरक प्रश्न झेलावे लागतात. दिवसाला वीसच, तेही सोडतीतून. अतारांकित 230, त्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली की झालं. अण्णांचा जीव तारांकितांत, कारण मंत्र्याच्या हातातल्या फायलीत पूरक प्रश्नांची टिपणी कुणीतरी रात्र जागून लावलेली असते. मंत्री पानं उलटू लागला की अण्णा खुर्चीतून अर्धे उठतात. “परिशिष्ट बघा! मागं, मागं!” मंत्री भलतंच पान वाचतो. मग अण्णांचं लक्ष अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे. तिथून एखादी चिठ्ठी खाली यायला हवी. आली तर अण्णा पाणी पितात. नाही आली तर त्या अनोळखी अधिकाऱ्यासाठी जेवणभर हळहळतात.

जेवणही कामकाजाच्या नियमांनीच चालतं. “आमटीत मीठ कमी आहे, हे खरे आहे काय?”

“हे अंशतः खरे आहे,” सासूबाई म्हणतात. इतक्या वर्षांच्या संसारात त्याही तयार झाल्या आहेत.

विधिमंडळाच्या प्रश्नाचं शेपूट ठरलेलं असतं: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तराचंही: प्रश्न उद्भवत नाही. आमच्या चिरंजीवांनी हे शेपूट शाळेत, गृहपाठाच्या संदर्भात वापरलं. पालक म्हणून निवेदन करायला मला जावं लागलं.

प्रश्नोत्तरांनी होतं काय, असं मी एकदा विचारून बसले. अण्णांनी आवाज बारीक केला (टीव्हीचा, स्वतःचा नव्हे) आणि मुंदडा प्रकरण काढलं. 1957 मध्ये एलआयसीनं मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशांवर लोकसभेत प्रश्न आले. फिरोज गांधी सत्ताधारी बाकांवरचे, पण तेच हात धुऊन मागं लागले. न्यायमूर्ती छागलांनी चौकशी केली ती इथं मुंबईत, उघड्या दारानं, आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. “आधी प्रश्न, मग मंत्री!” अण्णा त्या वेळी अर्ध्या चड्डीत असणार, पण सांगतात असं की छागलांना खुर्ची यांनीच आणून दिली.

मुंदडाच्या भरातच त्यांनी वाकोला नाला लोकसभेत न्यायचं ठरवलं. पंधरा दिवस आधी सूचना द्यायची, खासदारांमार्फत. अडचण एकच. केंद्र सरकारच्या अखत्यारीबाहेरचा प्रश्न लोकसभेत दाखलच होत नाही, आणि नाला म्हणजे अगदीच गल्लीतला विषय. अण्णा तीन दिवस मिशीवरून बोट फिरवत राहिले. चौथ्या दिवशी अंघोळ अर्धी टाकून बाहेर आले. “वाकोला नाला मिठीला मिळतो. मिठी विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहते. धावपट्टी कुणाची? नागरी विमान वाहतूक मंत्रालय!”

मी मान डोलावली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तेव्हा नाला, नदी आणि धावपट्टी या तिघांनी अखत्यारीचा मुद्दा काढलाच नव्हता.

सासूबाईंनी मजकुरात भर सुचवली. अण्णांनी नियम दाखवले. प्रश्न साधारणपणे 150 शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, दोषारोप नको. “मग विचारायचं तरी काय?” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा ‘उठलात का?’ हा प्रश्नसुद्धा यातल्या तीन कलमांखाली फेटाळला जाईल.

मसुदा तयार झाला. (1) वाकोला नाला मिठी नदीस मिळतो व सदर नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहते, हे खरे आहे काय. (2) असल्यास, नाल्याचे पाणी वस्तीत शिरू नये म्हणून शासनाने कोणती कार्यवाही केली. (3) नसल्यास, विलंबाची कारणे काय?

इथवर नागरिकानं लिहिलं. मग हाताच्या सवयीनं पान उलटलं गेलं आणि पाठीमागं कक्ष अधिकारी लिहू लागला. (1) होय. (2) नाल्याचा विषय केंद्र शासनाच्या अखत्यारीत येत नाही. (3) प्रश्न उद्भवत नाही.

अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं, एक स्वल्पविराम खोडला आणि चष्मा काढला. “यावर पूरक प्रश्नच निघत नाही. कुणीही विचारू दे.”

“निघतो की,” सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. “तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?”

अण्णांनी कागद उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला. मग वर माझ्याकडे पाहिलं. अधिकाऱ्यांच्या गॅलरीत त्या वेळी मी एकटीच होते, आणि मी काही चिठ्ठी पाठवली नाही.