एका भुलीत दोन कामं

टिटवाळ्यात राहून नाकाची तक्रार करू नये, असं आमच्या आत्याचं ठाम मत आहे. गावचा देवच सोंडेचा. त्याचं डोकंसुद्धा मूळचं नव्हे, मागाहून बसवलेलं, तरी अंगारकीला त्याच्यापुढे ही रांग लागते! तिथे तुमच्या एवढ्याशा नाकाचं काय घेऊन बसलात?

ताईच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, हे पटत नाही. तिला सायनसचा जुना त्रास. सकाळी शिंका, दुपारी कपाळ ठणकतं आणि संध्याकाळच्या कसारा लोकलमध्ये कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत ती तोंडानेच श्वास घेते. गर्दीत कधीकधी ते सोयीचंही पडतं, ही गोष्ट वेगळी. कल्याणच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून सांगितलं, की मधला पडदा वाकडा आहे आणि सायनसची तोंडं बुजलीत. नाकपुडीतून दुर्बीण घालून मोकळी करू, बाहेर टाका नाही. हे ऐकून ताईने विचारलं, "डॉक्टर, मग जाता जाता नाकावरचा बाकही काढून टाकाल का?"

न्हाणीघराची एक फरशी बदलायला गवंडी बोलवायचा आणि तो आलाच आहे म्हणून स्वयंपाकाचा ओटा फोडून घ्यायचा, ही आमच्या घराण्याची रीतच आहे.

डॉक्टर म्हणाले, "करतात." एकच भूल, एकच रजा, चेहरा एकदाच सुजणार. पण सायनसचा आजार बेताचा असेल तरच. आत पू असेल किंवा पॉलिप फार माजले असतील, तर आधी ते निस्तरायचं. नाकाच्या रूपाचं नंतर पाहू. कारण वरचा आकार घडवताना पुष्कळदा आतल्या पडद्यातलीच कूर्चा काढून ठिगळासारखी लावतात, हाड कापून सरकवतात. तिथे जंतू शिरले तर नवं नाक खचायचं. सायनस आणि डोळा यांच्यामधलं हाड तर कागदाइतकं पातळ, आणि वर मेंदू. म्हणून नाक सुजण्याआधी आतलं काम उरकायचं आणि रक्तस्राव जास्त झाला तर बाकाला हात न लावता बाहेर पडायचं.

यातलं ताईने ऐकलं एवढंच: "करतात."

मग घरात बैठक बसली. नाक एकीचं असलं तरी मालकी एकत्र कुटुंबाची. आत्या म्हणाली, "विघ्नं नकटीच्या लग्नाला येतात, बाकवालीच्या नव्हे. आणि आपला गणपती लग्नं जमवतो म्हणून लोक कुठून कुठून येतात. त्याच्या दारात राहून नाकावर पैसे?" भाची म्हणाली, "लग्नासाठी कुठे, मला श्वास घ्यायचाय." जरा थांबून, "आणि फोटो काढायचेत."

मी इतिहास काढला. 1792 च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठी बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला. नाक गेलं, एक हातही गेला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवं नाक घडवलं. आधी मेणाचा नमुना, मग काताचा लेप लावलेल्या पट्ट्या, पुढे तुपात भिजवलेल्या चिंध्या. 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत छापून आली आणि 1814 मध्ये कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने ती कृती तिकडे करून दाखवली. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. दहाव्या दिवसापासून त्या नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालत, वाट उघडी राहावी म्हणून. म्हणजे रूप आणि श्वास यांचा विचार त्या गृहस्थाने एकत्रच केला होता.

"कात? पानातला?" आत्याने विचारलं. बाकीची हकिकत तिथेच बुडाली.

विम्याचे एजंट आले आणि प्रकरण आणखी रंगलं. सायनस आणि वाकडा पडदा हा आजार, त्याचे पैसे मिळतील. बाक ही हौस, ती खिशातून. बिलं वेगळी, भुलीचा खर्चही वाटून दाखवायचा. एकाच नाकाची आतली बाजू रुग्ण आणि बाहेरची ग्राहक!

तूर्त डॉक्टरांनी स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं सुरू केलंय. आतली सूज उतरू दे, मग ठरवू म्हणालेत. ऑपरेशननंतर काही आठवडे नाकावर चष्मा टेकवायचा नाही आणि नाक शिंकरायचं नाही, हे भाचीने वहीत लिहून घेतलंय. आत्याची तेवढी एक अट राहिली आहे: "तो बाक तुझ्या पणजोबांचा. काढायचा तर काढ, पण मग त्यांच्या फोटोला हार घालायला दुसरं कुणीतरी बघा."