किल्लेदार

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे किल्लेदार म्हणतात. वय साठीच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे. "राजगड दाखवतो, चला," म्हणाले आणि मी निघालो.

गुंजवण्यातून चोरदरवाज्याची वाट धरली. पहिल्या अर्ध्या तासातच मला त्यांची गोम कळली. हा माणूस सपाटीवर मुका आणि चढावर इतिहासकार!

"थांबा." हात वर. "या डोंगराचं मूळ नाव मुरुंबदेव." दोन श्वास. "महाराजांनी गड बांधून काढला." तीन श्वास. "पंचवीसेक वर्षं राजधानी इथंच. रायगड नंतरचा."

झाडी संपून खडा चढ लागला आणि १६६५ साल उजाडलं. पुरंदरचा तह. तेवीस किल्ले द्यायचे, बारा राखायचे, राजगड राखलेल्यांतला. कातळाला पाठ टेकून किल्लेदारांनी दिलेल्यांची यादी काढली: पुरंदर, रुद्रमाळ, कोंढाणा, लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, माहुली... माहुलीला श्वास ठिकाणावर आला आणि उरलेले पंधरा किल्ले मोगलांना द्यायचे राहूनच गेले.

चोरदरवाज्यातून वाकून आत शिरलो तर समोर पद्मावती तळं. अख्खी माची सपाट. इथं सांगण्यासारखं किती तरी असणार! किल्लेदार म्हणाले, "तळं." आणि ताकवाल्या मावशींकडे वळले.

सईबाईंच्या समाधीपाशी मात्र बूट काढून, हात जोडून उभे राहिले. तिथंही गप्पच. पण ते गप्प राहणं दमाचं नव्हतं, एवढं मलाही कळलं.

संजीवनी माची म्हणजे राजगडाची कमाल. तटाबाहेर दुसरा तट, मधे चिंचोळी बोळ, आत उतरायला दिंड्या आणि अंधाऱ्या पायऱ्या. किल्लेदार उतरले ते अवाक्षर न काढता. वर येताना तिसऱ्या पायरीवर थबकले. "चिलखती बांधणी! बाहेरची भिंत पडली म्हणजे... गड पडला असं नाही. शत्रू आत आला की... या बोळीत सापडतो. पुढं जाता येत नाही, मागं फिरता येत नाही."

मी त्यांच्या मागेच होतो. माझंही तेच झालं होतं.

परवा सोसायटीची लिफ्ट बंद पडली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर किल्लेदार, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, आणि समोर अडकलेला कुरियरवाला पोरगा.

"जिन्याचं हे वळण बघितलंस? रायगडाच्या महादरवाज्याला... हीच युक्ती. दोन बुरुजांच्या आड दरवाजा, वाट वळवून आत घेतलेली. हत्तीला धाव घ्यायला... जागाच नाही."

"काका, पिशव्या द्या इकडं. कितवा मजला?"

"चौथा," किल्लेदार कठड्याला टेकत म्हणाले. "पण आधी पुरंदरचा तह होऊ दे."