कुरासावचा परवाना

क्रिप्टो घेणारा ऑनलाइन कॅसिनो निवडायचा, तर आधी परवाना पाहावा म्हणतात. तो बहुधा कुरासावचा निघतो. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट नकाशावर शोधताना चष्मा लागतो. पैसे अडकल्यावर दाद मागायला तिथवर कोण जाणार, एवढंच विचारू नये.

मग बोनस. दहा हजार भरा, दहा हजार फुकट! खालच्या मुंगीएवढ्या अक्षरांत अट असते : बोनसच्या चाळीस पट रक्कम खेळल्याशिवाय काढता येणार नाही. म्हणजे चार लाखांचे डाव. एका शून्याच्या रूलेटवर कॅसिनोचा वाटा सदतिसावा, म्हणजे चार लाखांवर सरासरी दहा हजार आठशे रुपये. फुकटचे दहा हजार गेलेच, वर आठशे पदरचे. हिशेब इतका चोख की सावकारानं शिकवणी लावावी.

‘फासा प्रामाणिक आहे, स्वतः तपासा’ अशी सोयही असते. खरीच असते. प्रत्येक डावाचा संकेतांक पडताळता येतो. आपण प्रामाणिकपणे हरलो, याची गणिती खात्री पटते.

खाते उघडताना नाव-गाव-आधार कुणी विचारत नाही. जिंकलेले पैसे काढायला निघालात, की एकदम ओळखपत्र हवं, वीजबिल हवं, सेल्फी हवा.

आपल्याकडे २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंदच केलेत. क्रिप्टोच्या नफ्यावर मात्र ३० टक्के कर आहेच. तोटा झाला, तर तो सर्वस्वी तुमचा.