हवा लागलेली गाडी

“सर, गाडीला हवा लागलीया,” मिस्त्री म्हणाला आणि मी नकळत पुतण्याकडं बघितलं. चार वर्षं पुण्यात काढून तो सांगोल्याला परत आला, तेव्हा घरात त्याच्याबद्दल नेमकं हेच वाक्य बोललं गेलं होतं. पण मिस्त्रीचं बोट कार्बोरेटरकडं होतं.

गाडी म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, बुलेट. त्यांच्यामागं ती गोठ्यात पोत्याखाली उभी होती आणि एक कोंबडी तिच्या सीटवर नेमानं अंडं घालत होती. पुतण्यानं ती बाहेर काढली, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. तो आनंद पंधरा दिवस टिकला. मग मडगार्ड गेलं, दोघांची सीट जाऊन एकाची आली, सायलेन्सर आखूड झाला, आणि खिलार बैलाच्या शिंगांसारखं उंच उठलेलं दादांचं हँडल खाली आलं. आता गाडी मान खाली घालून मारायला निघालेल्या बैलासारखी दिसते.

“काका, ह्याला कॅफे रेसर म्हणतात,” पुतण्यानं मला शिकवलं. १९५०-६०च्या दशकांत लंडनची पोरं एस कॅफेसारख्या ठिकाणी जमायची आणि तिथून गाड्या पळवायची. वजन कमी व्हावं म्हणून गाडीवरचं नको ते सगळं उतरवून टाकायची. आमच्याकडं कॅफे म्हणजे टपरी. तिथं पोचायची घाई कुणालाच नसते आणि तिथून उठायची तर त्याहून नसते.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण बुलेटचं माहेर विलायतेतलं, रेडिचचं. १९५५ साली ती मद्रासला नांदायला आली, आणि १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद झाल्यावरही सासरी सुखानं नांदत राहिली. पुतण्याच्या मनात आलं, निदान हिचा श्वास तरी माहेरचा असावा. म्हणून त्यानं दादांच्या वेळचा मिककार्ब काढला आणि अमल कंपनीचा कॉन्सेंट्रिक कार्बोरेटर मागवून बसवला. १९२७ साली तीन इंग्रज कार्बोरेटर कंपन्या एकत्र आल्या, त्या एकत्र येण्याच्या इंग्रजी शब्दाची शेपटी तोडून ‘अमल’ हे नाव झालं. मला वाटलं होतं, अमल म्हणजे ज्यात मळ नाही तो. इंग्रजांचा अंमल सत्तेचाळीस साली गेला. हा अमल मात्र टाकीखाली बसून आमच्यावर राज्य करू लागला.

सकाळी गाडी सुरू करायची तर त्याच्या बाजूचं एक बारीक बटण दाबत राहावं लागतं. आत फ्लोट दबतो, पेट्रोल वर येतं आणि बोटाला ओलं लागलं की समजायचं, स्वारी तयार आहे. इंग्रजीत त्या बटणाला टिकलर म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत गुदगुल्या करणारा. इंग्रज माणूस चारचौघांत हसत नाही असं ऐकून होतो. त्याची गाडी गुदगुल्यांशिवाय उठत नाही हे आता कळलं.

गुदगुल्या करूनही गाडी धड चालेना. रेस दिली की गळा दाबल्यासारखी अडखळायची, सोडली की सायलेन्सरमधून फट् फट् करायची. म्हणून आम्ही मिस्त्रीकडं आलो होतो.

मिस्त्रीनं आधी कार्बोरेटरला हात लावलाच नाही. “आधी टॅपेट, मग पॉइंट, आन् मग कार्बोरेटर. लोक उलटं करत्यात. दुसऱ्याचं पाप ह्या गरिबाच्या डोक्यावर.” दोन्ही तपासून झाल्यावर त्यानं प्लग काढून तळहातावर घेतला. टोक पांढरंफटक होतं. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त. हवा तो रंग कोणता, असं मी विचारलं, तर म्हणाला, “चुलीवरच्या भाकरीला डाग पडतो, त्यो.”

मग त्यानं अमल उतरवला आणि इंजिनाला टेकणारी त्याची बाजू काचेच्या तुकड्यावर ठेवली. ती मधे टेकेना. पुतण्यानं भक्तिभावानं दोन्ही नट एवढे आवळले होते की ती सपाट बाजू धनुष्यासारखी वाकली होती, आणि त्या फटीतून इंजिन चोरून हवा ओढत होतं. मिस्त्रीनं काचेवर पॉलिश पेपर अंथरला आणि लहान पोराला न्हाऊ घालावं तसा कार्बोरेटर त्यावर गोल गोल फिरवत राहिला. सगळीकडून सारखी चकाकी आली तेव्हा थांबला. “घट्ट म्हंजे पक्कं न्हवं,” एवढंच पुतण्याला म्हणाला. पुण्याच्या कॉलेजात हे शिकवलं असेल, पण त्या दिवशी तो गैरहजर असावा.

पुढं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक. सायलेन्सर मोकळा केला, फिल्टर मोकळा केला, म्हणजे गाडी जास्त श्वास घेणार; मग तिला घासही मोठा लागणार. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच पुरते. म्हणजे जुन्या जेटनं नवं पेट्रोल प्यायचं तर हवा आपोआप जास्त होते. आमच्या दुष्काळी तालुक्यानं आयुष्यभर शेजारच्यांचा ऊस लांबून पाहिला. आता तोच ऊस इथेनॉल होऊन दादांच्या बुलेटमध्ये शिरून तिला कोरडी पाडत होता.

अमलच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे मिनिटाला किती घन सेंटीमीटर पेट्रोल त्यातून जाणार, त्याचं माप. मिस्त्रीनं १४० काढून १६० बसवला. मी मनात तासाचा हिशेब केला, साडेनऊ लिटरच्या वर, आणि एकदम ओळख पटली. अहो, हा तर ठिबकचा ड्रिपर! चार लिटरचा, आठ लिटरचा. डाळिंबाच्या प्रत्येक झाडाखाली थेंब मोजणाऱ्या गावाला जेट काय शिकवायचा? तोही तसाच चोंदतो, तोही फुंकर मारूनच साफ करायचा. तार घातली की भोक मोठं होतं आणि माप बिघडतं.

तरी एक गोष्ट आम्हाला जड जाते. आमच्याकडं नवी गाडी कुणी घेतली की दुसरा प्रश्न नाही, “ॲव्हरेज किती देते?” मिस्त्रीकडं जाणारा प्रत्येक जण एकच सांगतो, जरा कमी पिऊ दे. दादाही तेच सांगायचे. उतार लागला की गाडी बंद करायचे. ताण देऊन बाग धरायची सवय असलेली माणसं आम्ही. पण ताणानंतर पाणीही सोडावं लागतं, हे गाडीच्या बाबतीत विसरतो.

शेवटी एअर स्क्रू. गाडी पाच-सहा किलोमीटर फिरवून गरम केली. मिस्त्रीनं पेच हलक्या हातानं पूर्ण बसवला, दीड फेरा मागं घेतला, आणि डोळे मिटले. रविवारच्या जनावरांच्या बाजारात व्यापारी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव करायचे, वर चेहऱ्यावर काही नाही, ते मी लहानपणी बघितलंय. मिस्त्री टाकीखाली तसाच सौदा करत होता. पेच थोडा आत. गाडी जड झाली, जेवून उठलेल्या माणसासारखी. थोडा बाहेर, आवाज पातळ झाला, चुकू लागला. पुन्हा आत, पण आधीपेक्षा कमी. बरोबर जागा त्यानं अशीच शोधली, दोन्हीकडं चुकून. मग स्लो कमी केला आणि गाडी संथ, भरल्या गळ्यानं बोलू लागली. रेस सोडली तरी फट् नाही की फुट् नाही.

“ओक्के,” मिस्त्री म्हणाला. २०२२च्या जूनमध्ये आमच्या तालुक्याच्या तेव्हाच्या आमदारांचा गुवाहाटीहून केलेला फोन गाजला आणि हा शब्द महाराष्ट्रभर झाला. आमच्या गॅरेजांमध्ये तो आधीपासून होता. निघताना मिस्त्रीनं बजावलं, “पाऊस पडला की परत या. गार हवेत पुन्हा बघाय लागंल.” सांगोल्यात ह्या वायद्याला तारीख नसते.

गाडी घेऊन मीच घरी आलो. ओट्यावर आई बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, “कुणाची गाडी रं?”

मी चपापलो. दादा यायचे तेव्हा ओढ्याच्या वळणावर रेस सोडायचे. फट्, फट् असे दोन बार व्हायचे आणि आई आत जाऊन चहा टाकायची. फटफटी हा शब्द आमच्या घरी तेवढ्यावरूनच सिद्ध होता. आज कळलं, तो आवाज म्हणजे बुलेटचा दिमाख नव्हता. दादांची काटकसर होती. वीस वर्षं हवा जास्त असलेल्या गाडीवर आमचा चहा उकळत होता.

दुसऱ्या दिवशी पुतण्या झोपला होता तेव्हा मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. पेच पाव फेरा बाहेर. मोठ्या जेटला हात लावला नाही, इंजिनाचं नुकसान नको. अमलला गुदगुल्या केल्या, एक चक्कर मारली आणि परत येताना ओढ्याच्या वळणावर रेस सोडली.

फट्. फट्.

ओट्यावर कुणी नव्हतं. आत आधणाचं भांडं वाजलं.