वाऱ्याला विचारलं का?

आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडे धरण दिसलं की पुढाऱ्याला 'वॉटर स्पोर्ट्स' आठवतात. मग जेटी, सेल्फी पॉइंट, हंसाच्या मानेच्या पेडलबोटी आणि पाच भाषांत 'सुस्वागतम्'. त्यात एखादा हौशी अधिकारी 'विंडसर्फिंग' हा शब्द घुसडतो, कारण तो सादरीकरणात देखणा दिसतो. फळी मुंबईहून येईल, शीड येईल, शिकवणारा गोव्याहून येईल. वारा कुठून येणार, एवढं तेवढं कुणी विचारत नाही.

हा खेळ म्हणजे पायाखाली फळी, फळीवर कुठेही कलणारा खांब, खांबाला शीड, आणि आडवी दांडी धरून वाऱ्याशी हुज्जत. १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. फळी पाण्यावर तरंगायची सोडून पळू लागायला ताशी वीसेक किलोमीटरचा वारा लागतो. आणि शिकाऊ माणसाला लाटा नकोत, पाणी ताटासारखं हवं. गोची इथेच आहे. लाट उठवायला वाऱ्याला पाण्यावरून लांब धावावं लागतं, म्हणून पाणी सपाट राहतं ते वारा ज्या काठावरून येतो त्या काठाजवळ. पण त्याच काठावर साग उभे, टेकडी उभी, विश्रामगृह उभं. त्यांना आपटून वारा तुकड्यातुकड्यांनी येतो. एक क्षण शीड मरगळलेलं, दुसऱ्या क्षणी थोबाडीत. वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे माणूस शिडावरून पलीकडे जाऊन पडतो.

अडथळ्याच्या उंचीच्या सुमारे वीसपट अंतरापर्यंत वारा असा बिघडलेला असतो. पंधरा मीटरची झाडं म्हणजे तीनशे मीटर पाणी बाद. आता आमचा गांगुलपारा तलाव घ्या. सहलीला झकास, धबधबा आहे, डबा खायला सावली आहे. पण चहूकडे डोंगर आणि जंगल. वीसपटीचा हिशेब मांडला तर तलाव संपतो, हिशेब संपत नाही.

मग वैनगंगा? शहराला खेटून साधारण उत्तरेकडून दक्षिणेला वाहते, पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणजे पात्राला बरोबर आडवा. कागदावर याहून बरी जागा मिळायची नाही. फक्त जुलैत नदी तुम्हाला फळीसकट भंडाऱ्याच्या वाटेला लावते, आणि मेमध्ये शीड उभारायला वाळू भरपूर, पाण्याची तेवढी अडचण. वाळूही ट्रॅक्टरवाल्यांनी मागे ठेवली असेल तर.

आमची धरणं धानासाठी बांधली, हे पर्यटनवाले नेहमी विसरतात. सप्टेंबरअखेर जलाशय काठोकाठ भरतात आणि नेमका तेव्हाच वारा रजेवर जातो. दिवाळीपासून होळीपर्यंत पाणी इतकं गुळगुळीत की दाढी करून घ्यावी. उद्घाटनं याच दिवसांत होतात, कारण फोटो छान येतात. वारा सुटतो मे-जूनमध्ये, आणि तोवर कालव्यांनी पाणी पिऊन टाकलेलं असतं.

गंमत अशी की जाणकाराची जागा याच उतरलेल्या पाण्यात असते. पाणी मागे सरलं की काठाची झाडी दूर राहते आणि मध्ये गाळाचा बोडका पट्टा उघडा पडतो, जिथे लोक गाळपेर करतात. हा पट्टा पश्चिमेला असला आणि चांगला रुंद असला, तर त्याच्यावरून येणारा वारा पुन्हा सरळ झालेला असतो, आणि पट्ट्यालगतचं शे-दोनशे मीटर पाणी सपाट. फळी तिथे, काठाला समांतर फिरवावी. शीड एक माप लहान, फळी एक माप मोठी. पाण्यावर काळसर चट्टा सरकत येताना दिसला की झोत आला समजायचं: गुडघे वाकवायचे, अंग बाहेर टाकायचं, तरी आवरेना तर दांडी सैल सोडायची. एवढं करूनही बुडीत क्षेत्रातली जुनी खोडं वीतभर पाण्याखाली वाट पाहत असतात. फळीखालचं पातं खोडात अडकलं की फळी थांबते. तुम्ही थांबत नाही.

म्हणून आधी धिवराला गाठावं. तो डोंगा जिथे बांधतो तिथे वारा नाही, एवढं पक्कं. शिंगाड्याच्या वेली कुठे, जाळी कुठे, खोडं कुठे, दुपारनंतर कुठल्या खिंडीतून झोत येतो, हे सगळं त्याला पाठ. सल्लागार कंपनीचा अहवाल त्याच्या डोंग्याजवळ उभं राहून फोटो काढतो आणि पुढच्या पानावर त्याची जाळी हटवायला सांगतो.

नामिबियात लुडेरिट्झ नावाचं गाव आहे. तिथे वेगासाठी किनाऱ्यालगत मुद्दाम एक अरुंद चर खणतात, वाऱ्याची दिशा पाहून. त्या चरात २०१५ मध्ये फ्रान्सच्या आंत्वान अल्बोने ५३.२७ नॉटचा विक्रम केला, म्हणजे ताशी अठ्ठ्याण्णव किलोमीटरच्या वर. सांगायचा धोका असा की कुणीतरी लगेच आमच्या ढूटी धरणाचे कालवे दाखवेल. बाबांनो, तो चर वाऱ्यासाठी खणलाय, हे कालवे धानाच्या बांध्यांसाठी. ते उतार बघून वळतात आणि त्यांत म्हशी बसतात.

समुद्र नाही म्हणून रडायचंही कारण नाही. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या बड्या तलावावर शिडाची होडी शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. त्याच स्पर्धेत भारताच्या इबाद अलीला विंडसर्फिंगमध्ये कांस्य मिळालं. बडा तलाव राजा भोजाचा, अकराव्या शतकातला, पसारा तीसेक चौरस किलोमीटरचा. वाऱ्याला धावायला जागा आहे, आणि मुख्य म्हणजे रोज पाण्यावर उतरणारी माणसं आहेत. त्याच २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या क्रूझ आणि मोटारबोटी बंद करायला सांगितल्या. शिडाला डिझेल लागत नाही, तेव्हा खरं तर हा दिवस शिडवाल्यांचा. पण आमच्याकडच्या आराखड्यांत अजून स्पीडबोटच पहिल्या पानावर.

तरीही बालाघाटच्या आसपासच खुमखुमी असेल तर कटंगीकडचं बावनथडी धरण आहे, राजीव सागर. दोन राज्यांचा भागीदारीतला प्रकल्प, धरणाचं एक टोक महाराष्ट्रात, दुसरं मध्य प्रदेशात. पाणी ऐसपैस. उन्हाळ्यात पश्चिमेचा उघडा काठ शोधा, वळवाचा ढग दिसताच बाहेर या, कारण खांब कार्बनचा असतो आणि विजेला तो आवडतो. लाइफ जॅकेट घाला. आणि शक्यतो ज्या राज्यात फळी टाकली त्याच राज्यात पडा. पलीकडे पडलात तर पंचनामा तुमसरने करायचा की कटंगीने, यावर दोन्ही ठाण्यांचं पत्र निघेपर्यंत पाण्यातच बसावं लागेल.